कोठीतली पुरचुंडी

२७ एप्रिल, रविवार. साठवणीचे गहू भरायचे होते.

आमच्या दोन्ही घरांचे वर्षाचे गहू एकाच कोठीत राहतात. मी खाली राहते, धाकटा भाऊ आणि भावजय वर. खालच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी म्हटली की उंदीर आलेच, म्हणून पत्र्याची कोठी वरच्या गॅलरीत ठेवलेली. तिच्यातून आठवड्याला डबा भरून दळायला आणायचं काम भावाचं. वर्षातून एकदा कोठी रिकामी करून, पुसून, उन्हात तापवून नवे गहू भरायचं काम माझं. एरवी तिला दुसरं कोणी हात लावत नाही.

गहू तीन दिवस गच्चीवर वाळले होते. भावजय चाळत होती, मी कडुनिंबाचा पाला पसरत होते. कोठीच्या तळाशी दोन-तीन किलो जुना गहू उरला होता आणि त्यात एक कापडी पुरचुंडी. धान्याला कीड लागू नये म्हणून लोक पाऱ्याच्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवतात, तशीच दिसणारी. गिरणीवालीला या पुरचुंड्यांची चीड असते. गिऱ्हाईक डब्यात विसरतं, आपल्या नजरेतून सुटली की गोळ्या दगडाखाली जातात आणि पिठाबरोबर लोकांच्या पोटात. जुनी पुरचुंडी दिसली की मी फेकते. तशी तीही बादलीत टाकली. खाली घंटागाडी आलीच होती. जाऊन बादली ओतून आले.

सतरा वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघत आले आहे. ती एक पुरचुंडी मात्र सोडून बघितली नाही, आणि तेवढ्यावरून माझ्या भावाचा मेंदू जायची वेळ आली. म्हणून हे लिहिते आहे.

संध्याकाळी भाऊ दुकानातून आला. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी जळतात, त्यांत तो नवी तार भरून देतो. आल्या आल्या गॅलरीत गेला आणि परत आला.

"अक्का, कोठी पूर्ण रिकामी केली होतीस?"

"मग काय, जुन्यावर नवे ओतू?"

"तळाशी एक..."

"गोळ्या ना? फेकल्या. वर्षाच्या जुन्या गोळ्या कुठे कामाच्या असतात? नव्या आणून घालते."

तो तसाच खाली गेला, फाटकापर्यंत गेला, कचऱ्याच्या बादलीत वाकून बघितलं. भावजय माझ्याकडे बघत होती. चोर पकडल्यावर पोलीस बघतो तशी. मला राग आला. दिवसभर उन्हात राबले मी, आणि ही डोळे दाखवते.

या भावजयीवर माझा भरवसा पहिल्यापासून नव्हता. सहा वर्षांपूर्वी भावाने पस्तिसाव्या वर्षी अचानक सांगितलं, लग्न ठरवलं. मुलगी सटाण्याकडची, पहिला नवरा वारलेला. मध्यस्थ कोण? "ओळखीतून." कोणाची ओळख? "आहे एक." पत्रिका नाही, बैठक नाही, तिच्या माहेरून दोनच माणसं आली, आणि तीही जेवण उरकून पाचच्या गाडीने परत. देण्याघेण्याचा विषयच निघाला नाही. ज्या लग्नात कोणीच काही मागत नाही, त्यात काहीतरी लपवलेलं असतं, असं मी आमच्या ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं. हे म्हणाले, "तुला फुकट मिळालेल्या पिठातही खडे दिसतात." यांचं सगळंच असं.

गहू भरल्याच्या दिवसानंतर भावजय बदलली. कपाटाला कुलूप लागलं. मी वर गेले की ती पर्स उचलून आतल्या खोलीत ठेवायची. मी पाठवलेली भाजी डब्यात तशीच परत यायची. फोनवर आईशी अहिराणीत बोलायची, मी जिन्यात दिसले की आवाज खाली. एकदा मात्र स्वच्छ ऐकलं, "ताईसले काई सांगू नको." मला काही सांगायचं नाही! म्हणजे सांगण्यासारखं होतं. मधूनच एखाद्या दिवशी सकाळी निघून दुपारी यायची आणि कुठे गेली होतीस विचारलं तर "काम होतं." घरात मूल नाही, नोकरी नाही, हिला सबंध सकाळभराचं कसलं काम?

दसऱ्याच्या सुमारास भावाचं डोकं दुखायला लागलं. आधी तो चष्म्यावर ढकलत राहिला, मग उन्हावर, मग पित्तावर. मी सुंठ उगाळून दिली. सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. मी एकदा बहाण्याने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मग हे काय होतं?

एक दिवस वणीचा एक बागायतदार गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. भावाचं दुकान बंद होतं म्हणून घर शोधत आलेला.

"मावशी, शेठ हायेत का घरी? आठ दिवसांत दोनदा मोटर जाळली त्यांनी."

"त्यांनी कशी जाळली? तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल."

"व्होल्टेज काय नाय. दुसऱ्याकडं उघडून पाह्यली. एका कॉइलला वेढेच कमी हायेत, दुसऱ्याला लय जास्त. मोजताना झोपले व्हते काय शेठ? पंधरा वर्सं मी यांच्याकडंच येतो, म्हणून दुकानासमोर बोंब नाय मारली."

माझा भाऊ वेढे चुकवणाऱ्यांतला नव्हता. रेडिओ चालू, माणसांशी गप्पा चालू आणि बोटांखाली तार मोजली जात असायची. मध्येच थांबून चहा पिऊन आला तरी आकडा डोक्यात तसाच. वणीवाल्याला मी चहा दिला आणि वर गेले. भाऊ पलंगावर डोळ्यांवर फडकं टाकून पडला होता. विचारलं, "मोटर कशी बिघडली रे?" तो म्हणाला, "कोणती मोटर?"

त्या दिवशी माझी खात्री पटली. ही बाई त्याला काहीतरी खायला घालते.

आता हे वाचून कोणाला हसू येईल. पण माझ्याकडे पुरावे जमा होत होते. कुलूप, पर्स, फोन, सकाळी गायब होणं. शिवाय ती स्वतः ठणठणीत. आजारी तो एकटाच. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पर्स उघडली. मला त्याची लाज वाटली नाही. आतल्या कप्प्यात पांढरी प्लास्टिकची बाटली. तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं, फक्त गोंदाचे पांढरे ओरखडे उरलेले. आत मोठ्या, लांबट, पांढऱ्या गोळ्या. साधं औषध असतं तर कोणी त्याचं नाव खरवडेल? मी एक गोळी काढून रुमालाच्या गाठीत बांधली आणि बाटली होती तशी ठेवली.

पुढचे चार दिवस मी ती गाठ कमरेला खोचून फिरत होते. ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवावी असं दोनदा मनात आलं, पण त्याची बायको अख्ख्या कॉलनीला बातम्या पुरवते. बसून राहिले. ते चार दिवस फुकट घालवले हेही इथे लिहून ठेवते.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊ जिना उतरून गिरणीत आला. भिंतीला धरून, एका अंगाला कलत. मी पट्टा घालत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही दोघी का उभ्या आहात?"

मी एकटीच होते.

"एक तर बाजूला हो ना," तो चिडून म्हणाला, आणि वजनकाट्यावर बसला. मग त्याने मला आमच्या आईच्या नावाने हाक मारली.

गिरणीचं बटण बंद केलं, रिक्षा बोलावली, भावजयीला हाक मारली. अर्ध्या तासात आम्ही एका खासगी दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांसमोर होतो. डॉक्टर पन्नाशीचे, बोलणं मोजकं. त्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, मान पुढे वाकवायला गेले तर तो ओरडला. मान लाकडासारखी झाली होती.

"आधीचा काही आजार? चालू असलेली औषधं?"

भावजयीने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "काही नाही."

मी वाटच बघत होते. रुमाल सोडला आणि गोळी त्यांच्या टेबलावर ठेवली. "ही हिच्या पर्समध्ये सापडली. बाटलीवरचं नाव खरवडलेलं आहे. ही त्याला काय देते ते आधी हिला विचारा, डॉक्टर."

डॉक्टरांनी गोळी उलटीपालटी करून बघितली. त्यांचा चेहरा बदलला नाही. भावजयीकडे मात्र ते जरा वेळ बघत राहिले. तिने मान खाली घातली.

"ताई, तुम्ही बाहेर बसा," ते मला म्हणाले.

"मी सख्खी बहीण आहे त्याची."

"हो. बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसून मी विचार करत होते की आता पोलीस येतील का, आणि आले तर गिरणीची किल्ली कोणाकडे द्यायची. खरंच हाच विचार करत होते. आतून भावाला चाकाच्या खाटेवरून स्कॅनला नेलं. मग भावजय बाहेर आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. रडत नव्हती.

"ती गोळी माझी आहे, ताई. रोजची. एक कमी भरली तेव्हाच मला कळलं, तुम्ही काढलीत."

"कसली गोळी?"

"एचआयव्हीची. त्यांचीही तीच होती." तिने शब्द गिळला नाही, आवाजही खाली केला नाही. "आम्हाला दोघांना लग्नाआधीपासून आहे. सरकारी दवाखान्यात या गोळ्या देणारं केंद्र आहे, तिथेच ओळख झाली. तिथल्याच बाईंनी जमवलं. मध्यस्थ कोण, मध्यस्थ कोण म्हणून सारखं विचारायचात ना? त्या."

मी रिकाम्या रुमालाची गाठ बांधली, पुन्हा सोडली.

"त्यांच्या गोळ्या कोठीत असायच्या. तीन महिन्यांच्या एकदम मिळतात. घरात तुम्ही कुठलाही खण उघडता, गादीसुद्धा उलटून बघता. कोठीतल्या पुरचुंडीला कोणी हात लावणार नाही म्हणाले. दरवर्षी गहू भरायच्या आधी काढून ठेवायचे, यंदा राहून गेल्या. तुम्ही फेकल्यात."

"मला वाटलं पाऱ्याच्या..."

"मला नाही तसं वाटलं." आता तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कळलं, आणि तुम्ही मुद्दाम फेकल्या, असं वाटलं. सात महिने मला तेच वाटत होतं. म्हणून तुमची भाजी खाल्ली नाही."

"म्हणजे मी विष घालीन?"

"तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटत होतं?"

समोरच्या काचेबाहेर कबुतरं गुटर्र गुटर्र करत होती.

मग मी विचारलं, "पण पुन्हा आणता आल्या असत्या की."

"म्हणाले, आणल्या. बाटलीही दाखवली मला. जुनीच असणार. केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजतात, ताई. तीन महिन्यांच्या गोळ्या कुठे गेल्या म्हणून विचारलं तर काय सांगणार? बहिणीने कचऱ्यात टाकल्या? मग बहिणीला माहीत नाही का, घरी सांगितलं नाही का, हे सगळं निघतं. एक महिना लाजेने गेले नसतील. मग दोन झाले म्हणून भीतीने. आमच्या तारखा वेगळ्या, केंद्राचे फोनही त्यांच्याच मोबाइलवर. मलाही आज आत डॉक्टरांनी त्यांना खोदून विचारलं तेव्हाच कळलं."

तिथे तिच्याकडूनही चुकलंच. नवरा गोळी घेतो की नाही हे तिने डोळ्यांनी बघायला हवं होतं. मी हे तिला त्याच बाकावर बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो." तेवढंच.

दुपारी डॉक्टरांनी त्याच्या कण्यातून सुई घालून पाणी काढलं. भावजयीने मान हलवून परवानगी दिल्यावर मला आत घेऊन नीट समजावलं. गोळ्या बंद झाल्यावर अंगातली ताकद हळूहळू उतरत गेली. एक बुरशी असते, मातीत, कबुतरांच्या विष्ठेत. सगळ्यांच्या नाकातोंडात जाते, धडधाकट शरीर तिला मोडून काढतं. त्याचं शरीर आता ते करू शकत नव्हतं, म्हणून ती फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली. पाण्याच्या थेंबात काळी शाई घालून बघितलं तर तिचे गोल कण दिसले. डोक्याच्या आत दाब वाढला होता. म्हणून डोकं दुखत होतं, एकाचे दोन दिसत होते, वेढे चुकत होते.

"तुम्ही ती गोळी टेबलावर ठेवली नसती तर मी आधी दुसऱ्याच गोष्टींच्या मागे लागलो असतो," ते म्हणाले. "दिवस गेले असते. तेवढे दिवस त्याच्याकडे होतेच असं नाही."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असावं, असाही संशय मला आला.

"मग त्या गोळ्या आत्ताच सुरू करा ना. हिच्याकडे आहेत."

"आत्ता नाही. आधी बुरशीचं औषध, सलाइनमधून. चार ते सहा आठवड्यांनी त्या गोळ्या. आधी दिल्या तर शरीराची ताकद एकदम परत येते आणि मेंदूत सूज वाढते. त्यात माणूस जाऊ शकतो."

मला पटलं नाही. ज्या गोळ्या नसल्यामुळे आजार झाला, त्याच द्यायच्या नाहीत? मी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. तीनही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं, न चिडता. आज भाऊ परत दुकानात बसतो, तार तोच भरतो, पण वेढे भावजय शेजारी बसून मोजते. त्याला आता मध्ये चहा पिऊन आकडा लक्षात राहत नाही. डॉक्टरांचं खरं होतं हे मान्य करायला मला एवढा पुरावा लागला.

पाणी काढल्यावर दोन तासांत भावाचं कपाळ सैल झालं. त्याने डोळे उघडून मला शोधलं. एकटीलाच.

"अक्का, गिरणी बंद ठेवलीस?"

"ठेवली."

"लोक ओरडतील."

"ओरडू दे."

तो भावजयीकडे वळला, तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असावं की मला कळलंय. "केंद्रात सांगू नका मी सात महिने बंद केल्या म्हणून," तो हळूच म्हणाला. "हरवल्या म्हणा. गावाला गेलो होतो म्हणा. परत घेणार नाहीत मला."

भावजय म्हणाली, "घेतात हो. माझ्यासमोर कितीतरी जणांना घेतलंय."

"रागावतील."

एक्केचाळीस वर्षांचा माणूस, मेंदूला बुरशी लागलेली, आणि भीती कसली, तर रागावतील. मी म्हटलं, "तू झोप." आणखी काही म्हटलं असतं तर आवाज बिघडला असता, आणि ते मला चालत नाही.

डॉक्टरांनी कळवायला सांगितलंच होतं. केंद्रात त्याच्या जुन्या तपासण्या, आधीच्या गोळ्या, सगळं नोंदलेलं होतं. पुढचं औषध त्यावर ठरणार होतं. आणि जर तिथे खोटं सांगितलं, मध्ये खंड पडलाच नाही असं लिहिलं गेलं, तर गोळ्या घेत असूनही तो आजारी पडला असा अर्थ निघेल आणि औषध विनाकारण बदललं जाईल. खोटं बोलून चालणार नव्हतं. कोणीतरी जाऊन खरं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर "बंद आहे" अशी पाटी लावली. पुढची तारीख लिहिली नाही. मग वर गेले. भावजय दवाखान्यातून कपडे बदलायला आली होती. टेबलावरून परत घेतलेली तिची गोळी रुमालातून काढून तिच्यापुढे धरली.

"मोजताना एक कमी भरेल तुझी."

तिने गोळीकडे बघितलं. "पाच दिवस कमरेला होती ना तुमच्या? ही नाही चालणार." तिने ती कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. मग पर्स उघडून बाटलीतून दुसरी काढली आणि माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, पाण्याबरोबर घेतली. पर्स मात्र परत खांद्यालाच अडकवली. माझ्या हाताजवळ ठेवली नाही. तिचंही बरोबरच होतं.

स्कूटरवरून दोघी केंद्रात गेलो. नंबर यायला तासभर लागला. समुपदेशक बाई, बहुतेक लग्न जमवणाऱ्या त्याच, रजिस्टर उघडून भावाच्या नावावर बोट ठेवून थांबल्या आणि भावजयीला म्हणाल्या, "एप्रिलनंतर आलेच नाहीत. काय झालं?"

भावजय तोंड उघडायच्या आत मी खुर्ची पुढे ओढली.

"मी त्याची बहीण. गोळ्या मी कचऱ्यात टाकल्या. तेव्हापासून सात महिने त्याने एकही घेतलेली नाही. तसंच लिहा."

"माहीत असून टाकल्या?"

"नाही. पुरचुंडी सोडून बघितली नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मी वाचून बघितलं, आणि सही कुठे करायची ते विचारलं.